मदत करताना येशूचं नाव घ्यायचं की नाही?

प्रभूमध्ये सलाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातले, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, सिडकोत खोली घेऊन राहता. रविवारी उपासनेत पाळक सांगतात की देव रोज संधी देतो, डोळे उघडे ठेवा. तुम्ही आठवडाभर डोळे उघडे ठेवता आणि काहीच दिसत नाही. एखाद्या वेळी कोणाला गरज आहे असं कळलंच, तर लगेच मनात येतं की आपण पुढे गेलो तर ‘हा धर्मांतर करायला आला’ असं म्हणतील. मग मदत केलीत तरी येशूचं नाव घेत नाही, आणि खोलीवर परतल्यावर आपण प्रभूला नाकारलं असं वाटत राहतं.

मी निवृत्त परिचारिका आहे. सगळी नोकरी नाशकात झाली. आता आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही बहिणींबरोबर रुग्णालयांत भेटीला जाते, म्हणून मी जे सांगेन ते बरंचसं वॉर्डाच्या दारातलं असेल. कारखान्यातलं वातावरण मला मुलाकडून कळतं, तो सातपूरला कामाला आहे.

तुमची अडचण डोळ्यांची आहे असं मला वाटत नाही. तुम्ही दिवसभर बोलायची संधी शोधताय, आणि माणसाची अडचण कधी तशी समोर येत नाही. ती दिसते भलत्याच गोष्टींवरून. कोणी डबा न उघडता बसलेला असतो. कोणी जिन्याखाली उभा राहून फोनवर हळू आवाजात उसनवारीची बोलणी करत असतो. कोणी स्वतःहून नाइट शिफ्ट मागून घेतो, कारण घरी जायला नको असतं. यातलं तुम्हाला काहीच दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही. दिसलं असणार, पण त्यात येशूबद्दल बोलायला जागा दिसली नाही म्हणून तुम्ही ते संधीत धरलं नाही. आणि जिथे धरलं, तिथे मदत आणि साक्ष, म्हणजे येशूबद्दलचा आपला अनुभव सांगणं, एकाच गाठीत बांधलेली असल्यामुळे भीती वाटली.

ती गाठ आधी सोडा. मदत ही मदत म्हणून पुरी करायची, समोरच्याने पुढे जन्मभर येशूबद्दल एक शब्द ऐकून घेतला नाही तरी. आणि कोणी विचारलं की साक्ष मोकळ्या मनाने द्यायची, आढेवेढे न घेता. पौल गलतीकरांना लिहितो की जशी संधी मिळेल तसं सर्वांचं बरं करावं. पेत्र लिहितो की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. दोघं दोन वेगवेगळ्या तयाऱ्या सांगताहेत. आपण त्या एकत्र करतो, मग ना धड मदत होते ना धड साक्ष.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही सुपरवायझर आहात की ऑपरेटर, हे लिहिलेलं नाही. हाताखालच्या माणसाशी धर्माबद्दल बोललं तर त्याला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही, कारण त्याचा ओव्हरटाइम आणि त्याची सुट्टी तुमच्या हातात असते. त्याला मदत जरूर करा, विषय स्वतःहून काढू नका. बरोबरीच्या माणसाचं तसं नाही, तो तुम्हाला तोंडावर ‘पुरे’ म्हणू शकतो. सहकारी बाई असेल तर एकट्याने तिच्या घरी प्रार्थनेला जाऊ नका, मंडळीतल्या बहिणींना सांगा. लहान मुलांना आईवडिलांच्या नकळत काहीही सांगायचं नाही, काही द्यायचं नाही. जागेनेही फरक पडतो. सिडकोत शेजारच्याकडे कोण आलं-गेलं याची फारशी कोणाला फिकीर नसते. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावर एका घरात झालेली प्रार्थना संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्याला माहीत होते. त्याचं जे काही व्हायचं ते त्या घराला सोसावं लागतं, आपण तोवर नाशिकला परत आलेलो असतो.

आता डोळे उघडे ठेवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्या मते आधी वेळ मोकळा ठेवायचा. मार्कच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूला घेऊन चाललाय, घरी त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे. वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई येशूच्या वस्त्राला शिवते आणि तो थांबतो. शिष्यांना ते पटत नाही, एवढी गर्दी रेटतेय आणि कोण शिवलं म्हणून काय विचारता! रात्रपाळीत एका खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ असताना दुसऱ्या खाटेवरून हाक आली की काय होतं ते मी जाणते, म्हणून त्या थांबण्याची किंमत मला कळते. आपल्यासमोर असा याईर बहुतेक वेळा नसतो, तरी आपण थांबत नाही. शिफ्ट सुटली की पहिली बस पकडायची, बसमध्ये बसलं की कानात इअरफोन, खोलीवर पोहोचलं की दार बंद. या दिवसात कोणाला शिरायलाच जागा नाही.

म्हणून शिफ्टच्या थोडं आधी पोहोचा. कॅन्टीनमध्ये रोज ओळखीच्याच चार जणांत बसू नका. कंत्राटी मुलं जिथे बसतात तिथे मधूनमधून ताट घेऊन जा, आणि त्यांची नावं, गावं लक्षात ठेवा. आम्ही भेटीला जातो तो वार आणि ती वेळ ठरलेली असते. त्यामुळे वॉचमन ओळखतात, वॉर्डातल्या मावशी ओळखतात, आणि ‘त्या कोपऱ्यातल्या बाईकडे जरा बघा’ असं त्याच येऊन सांगतात. संधी शोधण्याचं अर्धं काम अशी माणसं करतात, पण तुम्ही त्याच जागी पुन्हापुन्हा दिसलात तरच. वेळेबरोबर थोडे पैसेही बाजूला ठेवा. दशांश मंडळीत जातो ते योग्यच आहे, त्याखेरीज खिशात एक छोटी रक्कम अशी असू द्या की जी दिली तर तुमचं भाडं थकणार नाही आणि परत आली नाही तर मनात कटुता राहणार नाही.

एक प्रसंग जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे. सुरगाण्याकडची एक बाई रुग्णालयाच्या व्हरांड्यात गोधडी घालून बसली होती. नवरा बांधकामावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन व्हायचं होतं. दुपारी आजूबाजूच्या नातेवाइकांनी भाकऱ्या सोडल्या तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून बसली. माझ्या सोबतच्या बहिणीने ते पाहिलं आणि काही न बोलता तिच्याजवळ फरशीवर बसली. उभं राहून चौकशी करणाऱ्याला लोक साहेब समजतात आणि साहेबाला सगळं ठीक आहे असंच सांगतात. थोड्या वेळाने विचारलं, “तुमचं कोण आहे आत?” मग, “तुम्ही जेवलात का?” जेवली नव्हती. आदल्या दिवसापासून चहावर होती.

आम्ही पोळी-भाजी काढली आणि तिच्याबरोबर आम्हीही खाल्लं. खाताना तिने मांडीवरच्या कॅरीबॅगमधले कागद दाखवले. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी कागद मागितले होते, पण नाव जुळत नव्हतं. शिधापत्रिकेवर नवऱ्याचं घरात हाक मारायचं नाव होतं, आधारवर शाळेतलं. काहीतरी दाखला आणायला सांगितलाय एवढंच तिला कळलं होतं. कोणता दाखला आणि कुठून आणायचा, हे पुन्हा विचारायचा धीर होत नव्हता. आम्ही तिच्याबरोबर आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्याच्या, टेबलापाशी गेलो. बोलायचं तिनेच, आम्ही शेजारी उभ्या. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतलं आणि गावी तिच्या दिराला फोन लावून शब्दन् शब्द वाचून दाखवला. एवढंच काम. त्यात येशूचं नाव कुठे आलं नाही.

पुढच्या भेटीत तिनेच विचारलं, “तुम्ही कोणत्या संस्थेच्या?” आम्ही सांगितलं की संस्था नाही, शरणपूर भागातल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया आहोत. “मग पैसे कोण देतं?” कोणी देत नाही. “मग कशाला येता?” तेव्हा माझी सोबतीण म्हणाली, “येशू आजाऱ्यांजवळ जाऊन बसायचा. आम्ही त्याच्या मागे चालणाऱ्या. आमच्या अडचणीत त्याने आम्हाला एकटं टाकलं नाही, म्हणून येतो.” आणि विचारलं, “तुमच्या मालकांसाठी इथे बसून प्रार्थना केली तर चालेल का?” बाई म्हणाली, “नको, आमचे देव वेगळे आहेत.” सोबतीण म्हणाली, “बरं. चहा घेता का?” आणि आम्ही तिघींनी चहा घेतला. त्यानंतरच्या खेपेलाही आम्ही तिच्याजवळ तेवढाच वेळ बसलो. डिस्चार्ज होऊन गावी गेल्यावर तिने कोणाच्या तरी हाती आमच्यासाठी नागलीचं पीठ पाठवलं. ती ख्रिस्ती झाली नाही, आमच्या चर्चची पायरीही चढली नाही.

तिचं ते ‘नको’ मला फार मोलाचं वाटतं. आमच्या पोळी-भाजीचं तिच्यावर ओझं असतं तर तिला नको म्हणता आलं नसतं. माणूस आपल्याला बिनधास्त नाही म्हणू शकतो का, हे मी नेहमी तपासते. तुम्हीही तपासा. आणि तिने विचारलं तेव्हा उत्तर मात्र सरळ मिळालं. आम्ही ‘आपलं असंच समाजकार्य’ म्हणून वेळ मारून नेली नाही.

मदत कोणती करायची, हे आपण ठरवू नये. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. आपण विचारत नाही, सरळ सल्ला देतो. विचारा, आणि एखादी गोष्ट पक्की शिकून ठेवा. तुमच्या जागी मी असते तर कंत्राटी मुलांच्या पीएफचं प्रकरण शिकले असते. कंत्राटदार बदलला की जुनं खातं तसंच पडून राहतं, यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, आधार जोडलेला नसतो, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो आणि क्लेम परत येतो. हक्काचे पैसे असून बहिणीच्या लग्नाला सावकाराकडे जाणारी पोरं तुमच्या शेडमध्ये असतील. तुम्ही शिकलेले आहात, मोबाईलवर बसून हे करून देऊ शकता. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्याच्याच हातात राहू द्या.

आता येशूचं नाव घेण्याकडे येते, कारण तुमच्या मनाला तेच लागलंय.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो तेव्हा आधी ऐकतो. तो माणूस यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. फिलिप्प विचारतो, वाचता ते समजतं का? अधिकारी त्याला वर येऊन बसायची विनंती करतो, आणि तो जे वाचत होता तिथूनच फिलिप्प सुरुवात करतो.

आपल्या नाशिकशी नातं असलेला एक दाखला देते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं शिक्षण नाशकात झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर इथून जवळच जलालपूरला. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून सुरू झालं आणि मग धर्माकडे वळलं. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचायची विनंती केली. टिळकांनी शब्द दिला आणि पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने कवीशी कवितेबद्दल बोलणं केलं, योग्य वेळी पुस्तक पुढे केलं, आणि आपल्या वाटेने गेला. टिळकांच्या मागे लागला नाही. पुढचं काम देवाचं होतं, आणि देवाने ते दुसऱ्यांकडून करून घेतलं. तुमच्याही वाट्याला बहुतेक वेळा असा एखादाच टप्पा येईल.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. नवऱ्याच्या निर्णयाने लक्ष्मीबाईंना काय सोसावं लागलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या स्वतः विश्वासात आल्या त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आणि स्वतःच्या विचाराने. आपल्या देशात माणूस एकटा नसतो, त्याच्या मागे घर असतं, भावकी असते, गाव असतं. कोणी ‘मला चर्चला यायचंय’ म्हणाला तर आनंद माना, पण घाई करू नका. घरच्यांशी बोललास का, ते विचारा. पाळकांशी भेट घालून द्या. एका भावनेच्या भरात कोणाला बाप्तिस्म्यापर्यंत ओढू नका.

विचारल्यावर काय बोलायचं, त्याची मात्र तयारी करा. चार-पाच वाक्यं पुरेत, आणि ती कॅन्टीनमध्ये बोलतो त्या भाषेत असू देत. ‘प्रभूने स्पर्श केला’, ‘आत्म्यात ओझं आलं’ हे आपल्याला कळतं, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला कळत नाही. माझी साक्ष अशी आहे: “माझे पती गेले त्या वर्षी मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मी उठून स्तोत्रं वाचत बसायचे. दुःख गेलं नाही, पण मी एकटी पडलेय हे वाटणं हळूहळू गेलं. येशू माझ्याजवळ होता असं मी मानते.” मी एवढंच सांगते आणि थांबते. पुढे विचारलं तर पुढे बोलते. समोरच्याच्या देवाबद्दल, पूजेबद्दल, उपासाबद्दल एकही वाकडा शब्द बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करून कोणाचंही मन येशूकडे वळत नाही.

तुम्ही लिहिलंय की आपण प्रभूला नाकारलं असं वाटतं. पेत्राने नाकारलं तेव्हा त्याला विचारलं गेलं होतं, तू त्याच्याबरोबरचा ना? आणि तो नाही म्हणाला. तुम्हाला तर कोणी विचारलंच नव्हतं. न विचारता गप्प राहून एखाद्याचं काम करून देणं म्हणजे नाकारणं नव्हे, हे ओझं उतरवून ठेवा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. येशूने बाकीचे नऊ जण कुठे आहेत असं विचारलं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही.

पण विचारतात तेव्हा तुम्ही काय करता, हे तपासायला हवं. कारखान्यात असा प्रसंग हमखास येतो दसऱ्याला. मशीनची पूजा असते, हार असतात, आणि कोणीतरी म्हणतं, “अरे, तू नारळ का नाही फोडत?” तिथे हसून विषय बदलणं सोपं असतं. त्याऐवजी आदल्या दिवशी मशीन धुवायला, पुसायला सगळ्यांबरोबर लागा, पूजेच्या वेळी आदराने उभे राहा, आणि विचारलं तर शांतपणे सांगा, “मी ख्रिस्ती आहे, मी मशीनची पूजा करत नाही. पण आपल्या सगळ्यांचे हात सुखरूप राहावेत म्हणून मी प्रार्थना करतो.” प्रसाद घ्यावा की नाही यावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही. तुमच्या पाळकांशी बोलून ठरवा, पण घ्यायचा नसेल तर नकार दोन्ही हात जोडून द्या.

आजारी माणसाबद्दल मला थोडं कडकपणे बोलायचंय. अंथरुणाला खिळलेल्याला धर्म सांगायचा नाही. तो उठून जाऊ शकत नाही. भीती, वेदना, औषधांची गुंगी, यात त्याने ‘हो’ म्हटलं तर त्या होकाराला काय अर्थ? त्याने स्वतः विचारलं तर थोडक्यात सांगा. प्रार्थना करायची तर परवानगी घेऊन, हळू आवाजात, शेजारच्या खाटेला त्रास न होता. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर तेही विचारून. आणि ‘प्रार्थना झाली, आता गोळ्यांची गरज नाही’ असं म्हणणाऱ्याला वॉर्डाच्या दाराबाहेर थोपवा, तो कितीही मोठा प्रचारक असो. मधुमेह, फिट्स, टीबी यांच्या गोळ्या मध्येच बंद केल्या की काय होतं ते मी नोकरीत पाहिलंय. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून रोखणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

मी एवढं कडक बोलते, याला आपला इतिहासही कारण आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी मदतीची कामं काढली आणि त्यानंतर नगर भागात मोठ्या संख्येने लोक मंडळीत आले. तुमचे पूर्वज कदाचित त्यातलेच असतील. ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ऐकला, आपण अजून ऐकतो. मला तो टोमणा अन्यायाचा वाटतो. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं, ते माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीसाठीही आले होते, आणि पुढे त्यांच्या मुलांनी तो विश्वास सुकाळातही सोडला नाही. तरीही भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातातून दिले गेले की संशय पिढ्यान् पिढ्या पुरतो, हे त्यातून शिकायला हवं. इथे आपल्या शरणपूरला १८५४ पासून चर्च मिशनरी सोसायटीने अनाथ मुलं आणि गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं सांभाळली, त्यांना अक्षरांबरोबर हाताचे धंदेही शिकवले. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला, आणि १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. पुढे पार्थिवाबरोबर तो थेट इंग्लंडपर्यंत गेला. हाताला काम शिकवलं की माणूस आपल्यावर अवलंबून राहत नाही. मग तो विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही, ते त्याचं स्वतःचं असतं.

भीतीचं म्हणाल तर ती सगळीच निराधार नाही. संविधानाच्या कलम २५ ने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. दुसऱ्याच्या धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. मैत्रीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं यात कुठेही बसत नाही. पैसे, नोकरी, शाळेचा प्रवेश, बरं होण्याची हमी यांतलं काहीही विश्वासाला जोडलंत तर मात्र कायद्याच्या आधी शुभवर्तमानाशीच बेइमानी होते. कामाच्या वेळेत, कंपनीच्या आवारात पत्रकं वाटू नका. तो वेळ तुम्ही पगाराला विकलेला आहे.

पत्रकांवरून आठवलं. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात चालू आहे, आणि आमच्या तरुण संघातल्या काहींनी मला विचारलं की एवढे लोक येणार, घाटावर काही वाटावं का. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. लोक तिथे त्यांच्या श्रद्धेने येतात, ते आपल्या शहराचे पाहुणे आहेत. चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला पोलिसांच्या मदत केंद्रापर्यंत पोहोचवा, स्टेशनवर बाईची बॅग उचलून द्या, रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. कोणी नाव विचारलं तर आपलं नाव सांगा.

तेव्हा तुम्ही पुढच्या आठवड्यात काय करावं? शिफ्टच्या आधीचा वेळ मोकळा ठेवा, एकाच माणसाचं नाव घेऊन रोज सकाळी प्रार्थना करा, आणि त्याला बरं आहे ना एवढं विचारून उत्तर संपेपर्यंत ऐका. पीएफचं शिकायला घ्या. साक्षीची चार वाक्यं वहीत लिहून पाळकांना वाचून दाखवा, ते कुठे अडतं ते सांगतील.

आणि एक गोष्ट, जी तरुण मंडळींकडून फार होते. कोणाला मदत केलीत की रविवारी उभं राहून त्याचं नाव घेऊन साक्ष देऊ नका. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक कंपनीतल्या तमुकसाठी प्रार्थना करा, त्याचं लग्न मोडायला आलंय’ असं टाकू नका, फोटो तर मुळीच नाही. अशी विनंती फिरत फिरत त्याच्याच भावाच्या फोनवर पोहोचते. त्याने ते तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं असतं. प्रार्थनेसाठी सोबत हवी असेल तर एका विश्वासू माणसाला सांगा, नाव न घेता. देवाला नाव माहीत आहे.

काही अडलं तर इथेच पुन्हा विचारा, मी उत्तर देईन.